साफ केला की पंधरा दिवस चालतो, मग पुन्हा ई-१०: डिझेल हीटरचं जुनाट दुखणं

बटण दाबलं की पंखा हळू फिरायला लागतो. दीड-दोन मिनिटांनी गाडीच्या पोटाखालून पंपाची टिक टिक सुरू होते आणि धुराच्या बोटभर नळीतून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. इथवर सगळं ठीक. यानंतर धूर निवळून भट्टीने धरायला हवं. आमच्याकडे धूर वाढतच जायचा, गाडीभोवती कच्च्या डिझेलचा वास सुटायचा, पाच-सात मिनिटांनी पंप गप्प. थोडं थांबून हीटर स्वतःच दुसरा प्रयत्न करायचा, पुन्हा तीच गत, आणि मग पडद्यावर ई-१०, म्हणजे ‘पेटला नाही’ असा बिघाडाचा कोड.

दोन हिवाळे हा खेळ चालला. हीटर उघडून साफ केला की दहा-पंधरा दिवस शहाण्यासारखा वागायचा, मग परत पहिले पाढे पंचावन्न. तुमचाही असाच वागत असेल तर पुढचं वाचा. निदान तिसऱ्यांदा गॅस्केट विकत घेण्याआधी तरी वाचा.

गाडी माझ्या मेव्हण्याची. ट्रॅव्हलर, मागे चार माणसं झोपतील अशी आतून बांधून घेतलेली. जानेवारी-फेब्रुवारीत हिमबिबट्याचे फोटो काढायला हिमाचलच्या स्पितीतल्या किब्बरला जाणारी मंडळी तो घेऊन जातो. किब्बर ४,००० मीटरच्या वर, रात्री पारा शून्याच्या खाली कितीतरी. रात्रभर इंजिन चालू ठेवून ऊब घेणं परवडत नाही आणि शहाणपणाचंही नाही, म्हणून ५ किलोवॅटचा डिझेलवर चालणारा हीटर मागच्या बाकाखाली बसवला. मेव्हणा राहतो ग्वाल्हेरच्या दौलतगंजात, मी तिथल्याच शिंद्यांच्या छावणीत, तेव्हा गाडी बिघडली की माझ्या दारात. मी आयुष्यभर वायरिंगचीच कामं केली. तरीही दोन हिवाळे लागले, कारण चुकलो तो नेमका वायरिंगमध्येच.

आधी हे यंत्र करतं काय ते समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

आपल्या आजीचा पितळी स्टोव्ह आठवा, पंप मारायचा, पिन घालायचा. तो पेटवण्याआधी काकडा लावून बर्नर तापवावा लागे. तापला की रॉकेलची वाफ व्हायची आणि निळी ज्योत फरफर करायची. घाई करून काकडा विझायच्या आधीच पंप मारला की कच्चं रॉकेल वर यायचं, भडका उडायचा, भिंतीवर काजळी धरायची आणि आजीच्या शिव्या. डिझेल हीटर म्हणजे पेटीत घातलेला तोच स्टोव्ह. काकड्याच्या जागी ग्लो प्लग आहे, विजेवर लालबुंद होणारी पेन्सिलच्या जाडीची कांडी. तिच्याभोवती बारीक तारेची जाळी असते. पंप प्रत्येक टिकेला डिझेलचा एक ठरावीक थेंब त्या जाळीवर सोडतो, थेंबाची वाफ होते, पंख्याने ढकललेली हवा तिला मिळते आणि भट्टी पेटते. ज्योत धरली असं सेन्सरने सांगितलं की प्लगची वीज बंद होते आणि पुढे आग स्वतःच्या उष्णतेवर चालते.

भट्टीच्या बाहेर पातळ पट्ट्यापट्ट्यांचं ॲल्युमिनियमचं कवच असतं. दुसरा पंखा गाडीतली हवा त्या कवचावरून फिरवतो. जळणाची हवा गाडीखालून येते आणि धूर गाडीखाली जातो. माणसं श्वास घेतात ती हवा या दोन्हींना कुठेच भेटत नाही, निदान भेटायला नको. जर्मनीतल्या वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्यांनी हा प्रकार ट्रक-बसमध्ये रुळवला, हल्लीचे स्वस्त चिनी संचही आतून बरेचसे त्याच घाटाचे. थंड देशांतल्या डिझेल मोटारींत याचाच भाऊ असतो, तो हवेऐवजी इंजिनाचं कूलंट तापवतो. चांगलं डिझेल इंजिन इंधन इतकं काटकसरीने वापरतं की केबिन तापवायला पुरेशी उष्णता वाया जातच नाही, म्हणून ही वेगळी शेगडी.

आता आमची फजिती.

पहिल्या डिसेंबरात ग्वाल्हेरातच हीटर अडला. कोहरा असा की समोरचं फाटक दिसेना (आम्ही ग्वाल्हेरकर धुक्याला सर्रास कोहराच म्हणतो, पुणेकरांनी नाकं मुरडू नयेत), सकाळचं तापमान पाचेक अंश. गाडी बहोडापूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात एका मिस्त्रीकडे नेली. त्याने भट्टी उघडली तर आत मुठभर काजळी, जाळी तर डांबरात बुडवल्यासारखी. साफ केली, नवी जाळी, नवं गॅस्केट. सुरू केला, झक्क पेटला. मेव्हणा खूश, मिस्त्री खूश. पंधरा दिवसांनी हिमाचलातल्या रामपूरच्या पुढे ई-१०.

पुढच्या फेरीत पंप बदलला. मग ग्लो प्लग बदलला. मिस्त्री म्हणाला, ‘साहब, दो लीटर मिट्टी का तेल चला दो, सब जल जाएगा.’ त्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. रॉकेलवर जरा वेळ पूर्ण जोरात चालवलं की थोडी काजळी जळून जाते. पण पंपाला डिझेलच्या स्निग्धपणाची सवय असते, रोज रॉकेल पाजून तो टिकत नाही. शिवाय काजळी जळाली तरी ती मुळात का धरते हा प्रश्न तिथेच राहतो. आम्ही तो प्रश्न विचारलाच नाही. काजळी दिसली, काजळीला दोष दिला.

दुसऱ्या हिवाळ्यात मेव्हणा सहज बोलून गेला, ‘भाऊ, मजा अशी की इंजिन चालू असलं ना, की पेटतो हा.’ मी गजक खात होतो, हात तिथेच थांबला. मिस्त्रीच्या दारातही प्रत्येक वेळी चाचणी घेताना गाडी चालूच असायची! आणि मी मल्टिमीटर लावला होता तो बॅटरीच्या टोकांना, तेही हीटर बंद असताना. १२.४ व्होल्ट आले, मी म्हटलं वीज ठणठणीत.

वीज कुठे मोजायची आणि कधी, या दोन्ही बाबतीत मी चुकलो होतो. मोजायची हीटरच्या स्वतःच्या कनेक्टरशी, म्हणजे तारा हीटरला जोडतात तिथे, आणि ग्लो प्लग लाल होत असताना. पंखा-पंप धरून एरवी हीटर एखाद-दोन अँपिअर खातो, पण पेटवतानाची पहिली काही मिनिटं आठ ते दहा. खरी परीक्षा तेव्हाच.

त्या रात्री इंजिन बंद ठेवून हीटरच्या कनेक्टरच्या मागून दोन टाचण्या खुपसल्या आणि बटण दाबलं. बॅटरीशी १२.०, हीटरशी १०.३. पावणेदोन व्होल्ट वाटेतच गळत होते.

ही गळती कुठे होते ते शोधायची युक्ती सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरं हीटरच्या धन तारेला लावायचं, हीटर पेटत असताना. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट त्या वाटेत गेले. मग दुसरं टोक एकेक जोड मागे आणत जायचं. ऋण बाजूलाही तेच. आमच्याकडे धन बाजूला ०.९५ निघाले, त्यातले ०.४ एकट्या फ्यूजच्या डबीत. संचाबरोबर आलेली ती डबी उघडली तर आत प्लास्टिक तपकिरी पडलेलं, पत्तीवर जळल्याचा डाग. ऋण बाजूला ०.७५, त्यातही बसवणाऱ्याने ऋण तार बॅटरीच्या टोकाला न जोडता, रंग न खरवडताच तिच्याशेजारी चॅसीच्या बोल्टला बांधली होती आणि बोल्टखाली गंज.

बाकीचं तारेनेच खाल्लं. बॅटरी पुढे, हीटर मागे, मध्ये पाच मीटर. तार दीड स्क्वेअरची, म्हणजे आतल्या तांब्याची जाडी दीड चौरस मिलिमीटर. दीड स्क्वेअर तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम रोध. जायचे पाच आणि यायचे पाच मीटर मिळून ०.१२ ओहम, त्यातून ९ अँपिअर म्हणजे एक व्होल्टाहून जास्त तिथेच गेला. घरच्या दिव्याला २३० मधला एक व्होल्ट गेला तर कळतही नाही. इथे मुळात बाराच आहेत.

आणि एकदीड व्होल्टाने काय होतं? प्लगची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ असायचे, गळती वजा जाऊन प्लगला १२ च्या वर मिळायचे. इंजिन बंद असताना १०.३. म्हणजे काकडा पाव भागाहून जास्त थंड. त्यात कडाक्यात लेड-ॲसिड बॅटरी आपली ताकद आखडती घेते, शून्य अंशाला साधारण पंचमांश तरी कमी. व्होल्टेज कमी असल्याचा वेगळा कोड असतो खरा, पण तो फार खाली घसरल्यावर येतो. आमचा हीटर त्याच्या जरा वरच घुटमळत होता, म्हणून तक्रार विजेची न दाखवता न पेटल्याची दाखवायचा.

साफ केल्यावर पंधरा दिवस का चालायचा, तेही इथेच उलगडलं. जाळी नवी, कोरडी असली की अर्धवट तापलेला प्लगही थेंबाची वाफ करतो. पण कधीतरी एखादा प्रयत्न फसतो. फसलेल्या प्रयत्नात पाच मिनिटं पडलेलं डिझेल कुठे जाणार? भट्टीतच साचतं, पुढच्या वेळी अर्धंमुर्धं जळतं आणि काजळी होऊन जाळीची भोकं बुजवतं. मग पुढचा प्रयत्न आणखी अवघड. आमचा ‘रोग’ म्हणजे काजळी, पण ती रोगाची विष्ठा होती असं म्हणा हवं तर.

इलाज: सहा स्क्वेअरची तार, धन आणि ऋण दोन्ही सरळ बॅटरीपासून, चॅसीचा भरवसा नाही. बॅटरीजवळच चांगल्या प्रतीची फ्यूज डबी. तारेच्या टोकांना थिंबल (धातूच्या टोप्या) पक्क्या दाबून, वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी). आणि भट्टी शेवटची एकदा साफ, कारण जुनी काजळी तशीच ठेवून नवी तार घातली तर तुम्ही म्हणाल या माणसाने फसवलं. एकूण खर्च बदललेल्या पंपाच्या निम्माही नाही.

हीटरशी ११ व्होल्टांच्या वर मिळत असूनही पेटत नसेल तर डिझेलकडे वळा.

आधी नळी बघा. हीटरची इंधननळी आतून जेमतेम दोन मिलिमीटरची असते, ती चिंगूसपणा म्हणून नव्हे. रुंद नळीत हवेचे बुडबुडे अडकून राहतात, बारीक नळीत थेंबाबरोबर पुढे ढकलले जातात. कुणी ‘जरा मोठी असू दे’ म्हणून गाडीची नेहमीची इंधननळी घातली असेल तर पेटून विझणं, म्हणजे बऱ्याच संचांत ई-०८, हमखास. (कोड सगळ्या बनावटींत सारखे नसतात, आपल्या पुस्तिकेशी ताडून घ्या.) पंपही आडवा बसवायचा नसतो, बाहेर जाणारं तोंड वर करून तिरका, म्हणजे हवा आत कोंडत नाही. नळी पारदर्शक असेल तर टॉर्च लावून पाहा. मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे दिसले तर कुठलातरी जोड हवा ओढतोय.

पंप मोजायला केमिस्टकडची दहा मिलिलिटरची सिरिंज पुरते. सर्रास मिळणारा पंप हजार टिकांना २२ मिलिलिटर देतो, म्हणजे दोनशे टिकांना ४.४. हीटरकडची नळी काढून सिरिंजमध्ये सोडा, टिका मोजा. चार-साडेचारच्या आसपास आलं तर पंप निर्दोष. आम्ही हे आधी केलं असतं तर चांगला पंप भंगारात गेला नसता. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मेव्हण्याला दाखवत नाही.

पहाडात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण ही हीटरपेक्षा माणसाची चूक असते. डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं. आपल्याकडच्या आयएस १४६० मानकात साध्या डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली डिझेल वाहेनासं होतं ते तापमान, हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश धरला आहे. म्हणजे मैदानी भागातलं डिझेल किब्बरखालच्या काझ्याच्या रात्रीसाठी बनलेलंच नाही. लडाख, कारगिल, काझा, केलाँग अशा भागांसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंश पोअर पॉइंटचं खास हिवाळी डिझेल आणलं. आता गंमत बघा. ड्रायव्हर गाडीच्या टाकीत वरती जाऊन नवं डिझेल भरतो, पण हीटरची दहा लिटरची वेगळी प्लास्टिकची टाकी? ती ऑक्टोबरात ग्वाल्हेरला भरलेली असते, तशीच. इंजिनाला परतीच्या नळीतून थोडी ऊब तरी मिळते, हीटरच्या दोन मिलिमीटरच्या नळीला कोण देणार? पहाटे ती नळी हातात धरली तर आत तुपासारखं धूसर दिसतं. वर जाताना ही टाकी जवळजवळ रिकामी ठेवायची आणि तिथलं डिझेल भरायचं, एवढंच. आणि कुणाच्या सांगण्यावरून त्यात पेट्रोल मिसळू नका, ही बंदिस्त भट्टी आहे.

हवेचं थोडक्यात. काझ्याच्या उंचीला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी असतो. पंप मात्र खाली टाकायचा तेवढेच थेंब टाकत राहतो, मग धूर काळा आणि काजळी झपाट्याने. ज्या संचात उंचीची सोय आहे त्यात ती चालू करा, नाहीतर सेटिंगमध्ये जाऊन पंपाची गती कमी आणि पंख्याची जास्त करा. खाली उतरल्यावर परत पहिल्यासारखं करायला विसरू नका, आम्ही विसरलो होतो. रात्रभर अगदी मंद आचेवर चालवल्यानेही काजळी धरते, म्हणून सकाळी बंद करण्याआधी वीस मिनिटं पूर्ण जोरात पळवावा.

बंद करायचा तो बटणानेच. मुख्य स्विच खटकन पाडला की पंखा थांबतो, तापलेली भट्टी आतल्या आत भाजते आणि सेन्सर-वायरी वितळतात. बंद केल्यावर पंखा काही मिनिटं फिरतो, तो फिरू द्यावा. आमच्या एका पाहुण्याने ‘आवाज थांबत नाही’ म्हणून बॅटरीची तार उपटली होती.

धुराबद्दल चेष्टा नको. धुराच्या नळीचा जोड सैल असेल, तिचं तोंड खिडकीखाली किंवा बर्फात पुरलेलं असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठत नाही. नळीचा एकही जोड गाडीच्या आत नसावा आणि झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा, तपासलेला. बंद गॅरेजमध्ये हीटर लावू नका, चाचणीसाठीही नाही. हीटर साफ केल्यावर जुनंच गॅस्केट परत बसवायची काटकसर करणाऱ्याशी मी बोलत नाही.

मार्च ते नोव्हेंबर हीटर नुसता पडून राहिला तर पंप चिकटतो, नळीतलं डिझेल शिळं होतं. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवावा. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात गाडीच बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर असते, थर्मोस्टॅट म्हणतो काय वेड लागलंय का, आणि पेटतच नाही. पहाटे पाचला दारं उघडी टाकून, तापमानाऐवजी पंपाच्या गतीवर चालणाऱ्या मोडमध्ये लावतो. समोरचे काका फिरायला निघतात, थांबून बघतात, आणि दर वेळी विचारतात, ‘काय हो, थंडी वाजतेय का?’

सध्या गाडी वर किब्बरला आहे. कंट्रोलरच्या शेजारी कागदी चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवलंय: पेटताना ११.८. शेजारी छोटा व्होल्टमीटर लावून दिलाय. मेव्हण्याला सांगितलंय, हा आकडा ११ च्या खाली दिसला तर मला फोन कर, मिस्त्रीला नको.